हवालदारांची नुसती कॉफी

"खरं सांगू का?" एवढं विचारून हवालदार परवानगीसाठी थांबत नसत. प्रश्न संपायच्या आत उत्तर समोरच्याच्या अंगावर आलेलं असे. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लग्नघरी यजमान कौतुकानं विचारतात, जेवण कसं झालं, आणि हा सांगतो, आमटीला मीठ नव्हतं. अशा माणसाला आपण तोंडावर स्पष्टवक्ता म्हणतो. पाठीमागे काय म्हणतो ते इथं लिहीत नाही.

माझी त्यांची ओळख भांडणानं झाली, तीही माझ्याच घरात. दुष्काळ सरून वर्षभर झालं असेल. कोयनानगरच्या शाळेत मी शास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या खोल्यांपैकी एक मला मिळाली होती. एका रविवारी दारात साठीचा एक उंच माणूस उभा राहिला. अंगात खाकी स्वेटर, खाली धोतर, मिशा कातरलेल्या.

"शाळंत भिंग हाय म्हनत्यात. चार दिस पायजे. झाडाच्या सालीत किड्याची अंडी बगायची हायत."

कुणी शास्त्राच्या बाईकडे सुटीच्या दिवशी भिंग मागायला येतो म्हटल्यावर मला त्याचं अप्रूप वाटलं. मी बसा म्हटलं, चहा टाकला. त्यांनी कपाला आधी नाक लावलं, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"खरं सांगू का, बाई? ह्यो च्या न्हाई. ही उकळल्याली धूळ हाय."

माझा स्वभाव काही गोगलगाईचा नाही. रेशनची साखर महिनाभर पुरवून पुरवून वापरायची आणि वर हे ऐकून घ्यायचं. मी म्हटलं, "मग तुम्ही पाजा एकदा काय ते अमृत, म्हणजे आम्हालाही कळेल." त्यांना राग यायला हवा होता, पण ते खूष झाले. म्हणाले, "पुढच्या रविवारी या. पर सकाळी या, आन् घाईनं येऊ नगा."

पलटणीतून पेन्शन घेतल्यावर ते गावाकडे न येता कुर्गात कॉफीच्या मळ्यावर सात वर्षं राहिले होते. तिकडं मजुरांवरच्या मुकादमाला मेस्त्री म्हणतात, तसे ते मेस्त्री होते. बायको गेल्यावर गावी परतले ते ट्रंकेत राखेत घोळलेलं कॉफीचं बी घेऊन. आमच्या खोल्यांच्या कॉलनीच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर त्यांची आणि धाकट्या भावाची सामाईक जमीन होती. भात आणि नाचणी सोडली तर तिथं कुणी काही लावलं नव्हतं. जमिनीच्या वरच्या अर्ध्या एकरात फणस, जांभूळ आणि आंब्याची जुनी झाडं होती. त्यांच्या सावलीत हवालदारांनी कॉफी लावली. चार वर्षं गाव हसलं. पाचव्या वर्षी झाडं तांबड्या फळांनी लगडली, तरी गाव हसायचं थांबलं नाही, कारण ती फळं खाऊन कुणाचं पोट भरत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेले. ओसरीवर पितळेचं दुमजली भांडं होतं, वरच्या मजल्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पूड घातली, वरून चकती दाबली, कढत पाणी ओतलं, झाकण लावलं आणि हवालदार मांडी घालून बसले. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली.

"झालं का?" मी विचारलं.

"उतरतीया."

"अहो, एवढ्यात मी चार कप चहा केला असता."

"त्यो मी पिलोय की," ते म्हणाले.

मग खालच्या भांड्यात जमलेला काळा अर्क, त्यावर म्हशीचं कढत दूध, थोडी साखर. सांगायला लाज वाटते, पण मी दुसरा पेला मागून घेतला. त्याला "तुमचा काढा" म्हणून नाव ठेवायचं मात्र मी शेवटपर्यंत सोडलं नाही. नाहीतर ते डोक्यावर चढले असते.

पुढं मी दर रविवारी जायला लागले आणि हळूहळू त्या काढ्यामागचा व्याप कळला. तोडणीला वाडीतल्या पाच बाया यायच्या. कमरेला टोपली बांधून फक्त पिकलेली तांबडी फळं तोडायची, हिरवी झाडावर ठेवायची, पंधरा दिवसांनी पुन्हा फिरायचं. असे चार फेरे. मग सालं काढून बिया रात्रभर पाण्यात, सकाळी धुवून गोणपाटावर वाळवण. बायांना मजुरी रोजावर, आणि गडीमाणसाला जेवढी तेवढीच. याच्यावरून गावात कुरकुर होती. मी विचारलं, वजनावर का देत नाही, काम लवकर उरकेल.

"कुर्गात वजनावर देत्यात. मग बाई फांदी ओरबाडती. हिरवं, तांबडं, पाला, समदं टोपलीत. तिची चूक न्हाई त्यात, वजनाची चूक हाय."

संध्याकाळी त्या पाचही जणींना ओसरीवर बसवून ते कॉफी पाजत. चांगल्यातली, फुटकी निवडून काढलेली नाही. कुर्गातल्या तोडणीवाल्या बायांनी जन्मात आपल्या हातच्या फळाची कॉफी चाखली नव्हती, हे त्यांना फार लागलेलं होतं. यातली एक म्हातारी प्रत्येक वेळी गूळ मागायची आणि प्रत्येक वेळी त्यांच्याकडून "खरं सांगू का" ऐकायची. मग ते मुकाट उठून गूळ आणून द्यायचे.

हे खरं सांगणं ते स्वतःलाही चुकवत नसत. पहिल्या पिकाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. वाळवलेल्या बियांचं पोतं त्यांनी पावसाची ओल लागू नये म्हणून घराच्या माळ्यावर, चुलीच्या वर ठेवलं. आपल्याकडे सगळ्यांच्याच माळ्यावर सुकट असते, तशी तिथंही होती. दोन महिन्यांनी कॉफी भाजली तर घरभर सुकटीचा वास. भाऊ म्हणाला, कुणाला कळतंय, विकून टाका. हवालदारांनी सगळं पोतं झाडांच्या बुंध्याशी खत म्हणून ओतलं. "पाच वर्सांची राखण, आन् म्या सुकटीशेजारी निजीवली. चूक माजी," ते म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

हा भाऊ, बापू, वाईट माणूस नव्हता. उलट घर तोच ओढत होता. पण सावलीखालचा अर्धा एकर त्याच्या डोळ्यांत खुपायचा. त्या वर्षी लाकडी कोळशाच्या ठेकेदारानं खोऱ्यात फिरून झाडं बघायला सुरुवात केली होती. एका रविवारी मी वर गेले तर फणसांना आणि जांभळांना छातीइतक्या उंचीवर चुन्याचे पांढरे पट्टे. ठेकेदाराच्या माणसानं खुणा करून ठेवल्या होत्या. बापूला पोरासाठी टेम्पो घ्यायचा होता.

"झाडं आमच्या दोघांची हायत, बाई," बापू मला म्हणाला, जणू मी पंच होते. "दादाच्या कापीला सावली लागती, बरूबर. पर ती कापी घेतंय कोन? चार पोती पडून हायत. रंगपंचमीपत्तूर कायमचं गिऱ्हाईक आणून दावा म्हनावं. न्हाईतर मी ठेकेदाराला हूं म्हनलोय."

सावली गेली की कॉफी उन्हानं करपणार, हे सांगायला शास्त्राची बाई लागत नाही.  बापूचं म्हणणं हवालदारांना रास्त वाटत होतं, हीच तर पंचाईत होती.

तेव्हा मी पुढं झाले. माझं माहेर सांगलीचं. आमच्या शेजारी एक जैन कुटुंब राहायचं, त्यांची हळदीची पेढी होती. पेढी आता त्यांचा मुलगा आप्पा चालवायचा. हळदीबरोबर मिरी, वेलदोडे आणि सांगली-मिरजेच्या हॉटेलांना लागणारी कॉफीही तोच पुरवायचा. आप्पा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, लहानपणी माझी वेणी ओढणाऱ्यांतला. मी त्याला रंगपंचमीच्या मुदतीसकट सगळं पत्रानं कळवलं आणि शिवरात्रीच्या सुटीत हवालदारांना घेऊन एसटीत बसले. त्यांच्या मांडीवर वानगीच्या कॉफीची पिशवी, पायाशी ते पितळी भांडं, माझ्या हातात उन्हाची छत्री. वाटेत मी त्यांना तीनदा बजावलं, "तिथं मी बोलेन. तुम्ही फक्त कॉफी करा."

पेढी आणि घर एकाला एक लागून. आप्पानं आम्हाला गादीवर बसवलं. आतल्या दाराच्या उंबऱ्याशी त्याची आई, आक्का, पाटावर बसली होती. आक्काच्या हातची भाकरी मी लहानपणी पुष्कळ खाल्लेली आहे. तिच्या घरात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीखालचं काहीही येत नसे. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. एक चैन काय ती होती, दुपारची पेलाभर कॉफी. आत्ताही तिच्या हातात पेला होता.

हवालदारांनी कॉफी केली. आप्पानं घोट घेतला, पुन्हा घेतला.

"छान आहे की. हे आपल्या कोयनेत पिकतं म्हणतीस?"

"आणि सावलीत," मी म्हटलं. "दरवर्षी चार पोती. घेशील का?"

"घेतो. दरवर्षी घेतो. फक्त एक करा, हवालदार. निम्मी चिकोरी घालून द्या. हॉटेलवाल्यांना काळीभोर, घट्ट लागते. तशीच सवय आहे लोकांना."

माझ्या डोळ्यांसमोर चुन्याचे पट्टे पुसले गेले. मी छत्रीचं टोक हळूच हवालदारांच्या गुडघ्यात रुतवलं. म्हणजे, हो म्हणा.

"खरं सांगू का?" हवालदार म्हणाले.

मी छत्री आणखी रुतवली.

"चिकोरी म्हंजी मुळी. एका झाडाची मुळी जमिनीतनं उपटत्यात, वाळवत्यात, भाजून दळत्यात. मी नुसती कॉफी देनार. आन् तुमी तर जैन. तुमाला ती मुळी चालती?"

 आप्पाची कॉफी, बाजारातली सगळी डब्यातली कॉफी, चिकोरी मिसळलेली असते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डब्यावर छापलेलंच असतं. पण चिकोरी म्हणजे काय, हे विचारावं असं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी शास्त्र शिकवते.

आक्कानं हातातला पेला जमिनीवर ठेवला. सावकाश ठेवला.

"आक्का, हळद पण कंदच आहे," आप्पा घाईघाईनं म्हणाला. "आपण खातो की. वाळलेलं चालतं."

"हळद मी बघून घेते," आक्का म्हणाली. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

ती उठून आत गेली. आप्पाचा चेहरा लालबुंद झाला होता. कित्येक वर्षं तो स्वतःच्या हातानं आईला ती पूड आणून देत होता.

"हवालदार, तुम्ही वडील आहात म्हणून जास्त बोलत नाही. माझ्या दारात येऊन माझ्या आईचा नेम मोडला असं तिच्यादेखत सांगितलंत. उचला तुमची पिशवी."

सांगली ते कराड मी त्यांना जे बोलले ते सगळं आठवत नाही, पण मागच्या बाकावरचा माणूस जागा बदलून पुढं गेला एवढं आठवतं. मी म्हटलं, तुमच्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, आता घरी जा आणि ठेकेदाराला कुऱ्हाडी धरू लागा. म्हातारीला इतकी वर्षं बाधलं नाही ते पुढंही बाधलं नसतं. हवालदार खिडकीशी बसून भडंग खात होते. पुडी संपल्यावर त्यांनी कागदाची घडी केली.

"म्हातारी पीत हुती, बाई. मला ठावं हुतं, तिला न्हाई. मी गप बसलो असतो, तर पेला तिच्या पोरानं दिला असं झालं नसतं. म्या दिला असं झालं असतं."

 कराडला एसटी बदलताना त्यांचं पितळी भांडं मी उचललं. पण राग गेला नव्हता, तो उतरायला पुष्कळ दिवस लागले.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची माणसं यायची होती. मी सकाळीच वर गेले. का गेले ते मलाच नीट सांगता येणार नाही, कुणी मरणाच्या दारात असलं की त्याच्या शेजारी जाऊन बसतो तशी गेले. आदल्या आठवड्यात वळवाचा एक शिडकावा झाला होता आणि सगळी कॉफी पांढरी फुललेली होती. वास मोगऱ्यासारखा. हवालदार अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर ताठ बसले होते. कुऱ्हाडवाले अंगणात बिडी ओढत होते.

तेवढ्यात खालून जीप वर आली. आप्पा चालवत होता आणि शेजारी आक्का बसली होती.

आक्कानं कुणाला काही विचारलं नाही. ती थेट बागेत शिरली. पंधरा दिवस एकभुक्त राहून तिनं प्रायश्चित्त घेतलं होतं, हे मला आप्पानं हळूच सांगितलं. ती फुलांकडे बघत एका झाडाशी थांबली.

"मुळी नाही ना यात?"

"न्हाई. बी हाय. फळातलं."

"आणि किडे? किडे मारता?"

मी डोळे मिटले. एवढं एक वेळ नाही म्हणून टाका हो, असं मनात म्हणत होते.

"किडा येतो, आक्का. बुंधा पोखरतो. म्हनून सालीला पोतं घासून गुळगुळीत करून ठेवतो, म्हंजी तिथं तो अंडी घालत न्हाई. त्याला मारावं लागत न्हाई. पर एकांद्या झाडात शिरलाच, तर झाड उपटून जाळतो. आतल्या अळीसकट. वर्साला आठ-दहा झाडं जात्यात."

आक्कानं एका गुळगुळीत बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तर मग मला चालणार नाही."

आप्पानं माझ्याकडे बघितलं. बापूनं ठेकेदाराच्या माणसाकडे बघितलं.

"मी आता कॉफीच सोडली," आक्का पुढं म्हणाली. "पण आप्पा, ज्यांना चालते त्यांना तू पेढीवरून हीच दे. हा माणूस विकायला बसलाय आणि तरी अळी लपवत नाही. याच्या पोत्यात दुसरं काय असणार?"

एवढं बोलून ती जीपमध्ये जाऊन बसली. आप्पानं तिथंच, अंगणात, दरवर्षीची चार पोती ठरवली. हॉटेलवाल्यांनी काही ती घेतली नाही, त्यांना काळीभोरच हवी होती. पण सांगलीतल्या जैन घरांत आक्काची गोष्ट पसरली होती. आप्पाच्या पेढीवर पिशव्या दिसू लागल्या, त्यांवर शाईनं लिहिलेलं असे, नुसती कॉफी. दुसऱ्या वर्षी चार पोती त्याला पुरेनात.

कुऱ्हाडवाल्यांना बापूनंच परत पाठवलं. टेम्पो लांबला म्हणून पोरगा चिडला. बापू मला म्हणाला, "दादा येडाच हाय, बाई. पर त्याच्या येडाला गिऱ्हाईक मिळालं, आता मी काय बोलू?"  मी घरी येऊन छत्री कोपऱ्यात ठेवली आणि पोटभर रडले. मी अशी चटकन रडणारी बाई नाही, हे मुद्दाम नोंदवते.

पुढं माझी बदली शिरवळला झाली. हवालदार दर हंगामाला एसटीच्या कंडक्टरबरोबर पावशेराची पुडी पाठवत, आणि सोबत चिठ्ठी, पाणी किती तापवायचं त्याची. तेच तेच दरवर्षी लिहीत. मग एका वर्षी तोडणीच्या दिवसांतच ते गेले. तिसरा फेरा चालू असताना दुपारी बागेतच बसले आणि उठले नाहीत. मला आठ दिवसांनी कळलं. बापूचं कार्ड आलं होतं. त्यात मरणाच्या दोन ओळी होत्या आणि पुढं लिहिलं होतं, आप्पाशेट सोमवारी येणार, तुमी या.

मी रविवारी पोचले. पाची बायांनी शेवटचा फेरा पुरा केला होता, वाळवण गोणपाटावर पसरलेलं होतं. झाडं जागच्या जागी होती. बापूनं दाढी केलेली नव्हती. म्हणाला, आप्पाशेट पैल्यांदा पेलाभर पितो, मग पोती उचलतो. दादा करून द्यायचा. आता मला करावी लागंल.

मला बसवून तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं पेला घेऊन आला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी घोट घेतला. बिया करपलेल्या होत्या, पाणी पुरतं उतरू दिलेलं नव्हतं, तोंड कडू झालं. त्याचा भाऊ जाऊन दहा दिवस झाले होते आणि त्याच्या हाताला तव्याचे चटके बसलेले दिसत होते. अशा माणसाला छान झालीय म्हणायला काय लागतं? माझ्या जिभेवर आलंच होतं.

"बरूबर झालीया का, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "जळली आहे. आणि घाई केलीत."

बापूनं मान हलवली. पेला माझ्या हातातून घेतला, अंगणात ओतला, आत जाऊन कच्च्या बियांचं सूप आणून माझ्यापुढं ठेवलं आणि चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढली.

"सांगा मग," तो म्हणाला. "जाळ एवडा ठिवू का आजून कमी?"